काढून टाकलेला कर्नल

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्याला सगळे बूटकाका म्हणत. मशीन बूट होत नाही, म्हणजे सुरूच होत नाही, बोलवा काकांना. असं म्हणता म्हणता नाव चिकटलं. ऑफिसात नव्याने आलेल्या एका क्लार्कने तर पहिल्याच आठवड्यात आपली तुटकी चप्पल त्याच्या टेबलावर आणून ठेवली आणि विचारलं, "किती वेळ लागेल?" सगळी लॅब हसत सुटली. तो हसला नाही. त्याने दाभण शोधलं आणि चप्पल शिवून दिली. बंद पडलेली वस्तू त्याला बघवत नसे, मग ती कुठलीही असो.

लॅबमधल्या सगळ्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. बूटकाकांचा एक नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला मुख्य प्रोग्राम. बाकी सगळं त्याच्या जिवावर चालतं. तो अधूनमधून बदलावा लागतो. नवा कर्नल बसवला तरी जुना तसाच ठेवायचा. नवा धड उठतोय, काम करतोय, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. तो म्हणायचा, "सून घरात रुळेपर्यंत सासूला गावी पाठवू नये." लॅबच्या मॅडम नवीन होत्या तेव्हा त्यांनी एकदा घाईघाईत जुना कर्नल काढून टाकला होता. आवाज न चढवता तो त्यांना एवढंच म्हणाला होता, "मॅडम, परतीची वाट कोण बुजवतं?" मॅडम पाणी प्यायला म्हणून गेल्या आणि बऱ्याच वेळाने डोळे धुऊन परत आल्या.

घरी मात्र त्याचं नाव ठोंब्या होतं. हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं, आणि ते घ्यायचा हक्कही तिचाच.

आई गेली तेव्हा तो शाळेत होता. ताईने शिक्षण सोडलं आणि मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली. जिन्याखालच्या एका खोलीत ती आयुष्यभर कानाला हेडफोन लावून बसली. हॉस्पिटलातल्या निम्म्या डॉक्टरांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण आवाज सगळे ओळखत. घाबरून फोन करणारा माणूस तिच्या दोन वाक्यांत शांत व्हायचा. मधे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी रांगत होती तेव्हा नवरा गेला, आणि ती मुलीला घेऊन पुन्हा भावाच्या दोन खोल्यांत आली. आपल्याला लग्न करायचंय हे सांगायला तो तेव्हापासून विसरला तो विसरलाच.

तिचा आजार बोटांपासून सुरू झाला. फोनची बटणं दाबता येईनात. मग पाय, मग मान. सगळ्यात शेवटी जीभ गेली. ज्या बाईने आवाजावर घर चालवलं तिचा आवाजच जावा, यावर तो कधी कोणाशी बोलला नाही. त्याने एक मशीन बांधायला घेतलं.

ताईच्या डाव्या गालाचा एक बारीकसा स्नायू अजून हलत होता. त्यावर चिकटवायची एक पट्टी, पट्टीची वायर एका जुन्या कार्डात, कार्ड कॉम्प्युटरमध्ये. स्क्रीनवर अक्षरांच्या ओळींवरून एक उजेड सरकत जायचा. हव्या अक्षरावर आला की ताईने गाल हलवायचा, की ते अक्षर घेतलं जायचं. वाक्य पुरं झालं की मशीन ते बोलून दाखवायचं. त्या कार्डाला कर्नलशी बोलायला लावणारा ड्रायव्हर, म्हणजे दोघांमधला दुभाषा, त्याने स्वतः लिहिला होता. गालाच्या केवढ्या हालचालीला हालचाल म्हणायचं हा आकडा त्याने महिनोन् महिने तिच्या पलंगाशी बसून नक्की केला होता.

मशीनचा आवाज बाईचा होता, पण सपाट, गोदामात बोलल्यासारखा. ताई त्याला सवत म्हणायची. मशीनवर तिने पहिलं मोठं वाक्य जुळवलं तेच मुळी असं: "नवरा नाही राहिला, पण सवत आली घरात." ते सवतीच्याच तोंडून ऐकताना तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

अशी काही वर्षं गेली. मग डॉक्टरांनी ताईला तपासून त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हणाले, "गालातही आता फार दिवस जोर राहणार नाही. काय बोलायचं ते बोलून घ्या."

त्याने भाचीला फोन केला. ताईची मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. तिने सुट्टी टाकली आणि येते म्हणाली.

ती यायच्या आधीच्या दिवसांत मशीनचा आवाज अडखळायला लागला. शब्द मधेच तुटायचा, एक अक्षर तीनतीनदा यायचं. ताईने गाल हलवत हलवत लिहिलं: "सवत तोतरी झाली."

"मी करतो नीट," तो म्हणाला. "जुन्या कर्नलचा दोष आहे तो. नव्यात दुरुस्त केलाय त्यांनी."

"राहू दे. समजतं तेवढं पुरे."

"पोरगी येतेय. तिच्याशी नीट बोलायला नको? पाचच मिनिटं."

ताईने पुढचं वाक्य जुळवायला घेतलं. त्याचा पहिला शब्द "ठोंब्या" एवढाच झाला होता. नेहमीचंच काहीतरी असणार, असं समजून त्याने तिच्या गालावरची पट्टी हळूच काढली आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला. पुढे तिला काय म्हणायचं होतं ते राहून गेलं.

डिस्कवर कर्नल ठेवायची जागा त्याने पूर्वी फार लहान ठेवली होती. नव्या कर्नलला ती पुरेना. आत दोन कर्नल होते, एक चालू असलेला आणि एक त्याच्याही आधीचा. आधीचा त्याने काढला. तरी जागा कमीच. लॅबमध्ये असता तर तो इथे थांबला असता, डिस्कची मांडणी बदलायला अर्धा दिवस घेतला असता. पण पलंगावरून ताई बघत होती आणि तिच्या गालावर पट्टी नव्हती. म्हणजे ह्या घटकेला ती मुकी होती, त्याच्यामुळे. त्याने चालू असलेलाच कर्नल काढायचा हुकूम दिला. मशीनने विचारलं, हाच कर्नल सध्या चालू आहे, नक्की काढायचा? त्याने हो म्हटलं.

काहीच झालं नाही. चालू कर्नल मेमरीत असतो. डिस्कवरून पुसला तरी मशीन बंद करेपर्यंत ते चालतच राहतं. पाय तुटलेला कळायच्या आधी माणूस जसा दोन पावलं टाकतो तसं. नवा कर्नल बसला. त्याने मशीन बंद करून चालू केलं.

स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावली आणि थांबली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कर्नल पॅनिक. म्हणजे कर्नलने उठतानाच हात टेकले होते.

नवा कर्नल उठताना त्याला एक फाइल लागते, प्रवासाला निघताना शिदोरी लागावी तशी. जागा कमी पडल्याने ती फाइल अर्धीच लिहिली गेली होती. मशीनने तसं सांगितलंही असणार. घाईत त्याने ती ओळ वाचली नव्हती. बूट लोडरच्या यादीत, म्हणजे मशीन सुरू होताना कुठला कर्नल उठवायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत, आता एकच नाव होतं. दुसरं निवडायचं तर निवडणार काय? तो बराच वेळ त्या एका नावाकडे बघत बसला.

भाची आली तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून, उघडलेल्या मशीनसमोर बसला होता. तिने बॅग दारातच टाकली, आईच्या कपाळाचा मुका घेतला आणि विचारलं, "मामा, हिची पट्टी कुठंय?"

"मशीन बसलंय. पाच मिनिटांत उठवतो."

"कधीपासून?"

तो मशीनमध्ये आणखी वाकला. भाचीने आईकडे बघितलं. आईने डोळे एकदा वर नेऊन खाली आणले. त्याचा अर्थ दोघींना पाठ होता: ह्याला काय सांगायचं.

मशीन पलीकडच्या खोलीत नेऊ या, आईला झोपायला बरं पडेल, असं भाची म्हणाली. त्याने ते नेलं. पुढचे दिवस तो तिथेच होता.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून त्याने डिस्कवरच्या जागेचा प्रश्न सोडवला, शिदोरीची फाइल नव्याने तयार केली. हे काम तो झोपेतही करू शकला असता. मशीन पुढे सरकलं, आणि एका जागी नुसतं गोठलं. ना चूक, ना सूचना. काळी स्क्रीन. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच.

पलीकडच्या खोलीतून भाचीचा आवाज यायला लागला. "क-ची ओळ? च-ची? ट-ची? त-ची... त-ची, बरं. त? थ? द? ध?"

जुना पुठ्ठ्याचा तक्ता तिने कपाटावरून काढला होता. मशीनच्या आधी घरात तोच होता. ओळी मोठ्याने म्हणायच्या, हवी ती ओळ आली की ताई डोळे मिटणार. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. एका वाक्याला अर्धा तास लागायचा. त्याला तो तक्ता सहन होत नसे. जिने डॉक्टरांना फोनवर उभं केलं ती बाई बाराखडीच्या पहिल्या पायरीवर बसून कुणीतरी क म्हणेल याची वाट बघते, हे त्याला बघवेना म्हणून तर मशीन झालं होतं.

"दू... दूध? नाही? दूर? हां, दूर. पुढे बोल."

मग बराच वेळ नुसत्या ओळी आणि अक्षरं. मग भाची खळखळून हसली. हसता हसता तिला ठसका लागला. तो दाराशी आला. "काय म्हणाली?"

"तुझ्यावरच होतं," भाची डोळे पुसत म्हणाली. "ये ना मामा, बस. तुलाही सांगेल."

"आलोच. सापडलंय मला जवळजवळ."

सापडलं नव्हतं. सापडलं ते दुसऱ्या दिवशी. बूट लोडरची एक फाइल असते, जिच्या पहिल्याच ओळीत बजावलेलं असतं की हिला हाताने बदलू नका, ही आपोआप पुन्हा लिहिली जाते. मशीन बांधलं तेव्हा ते जुनं कार्ड सुरुवातीलाच भांडायचं. ते शांत राहावं म्हणून त्याने त्या फाइलीत स्वतःच्या हाताने एक शब्द घातला होता. नंतर नीट जागी लिहू म्हणाला होता. नव्या कर्नलबरोबर फाइल आपोआप पुन्हा लिहिली गेली आणि तो शब्द गेला. असं काही आपण केलं होतं हेच तो विसरला होता. त्याने शब्द परत घातला, या वेळी जिथे घालायचा तिथे. मशीन उठलं. तो "झालं!" म्हणून ओरडला.

झालं नव्हतं. ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावा लागतो, आणि तो तयारच होईना. ज्या पद्धतीने त्याने त्यात वेळ मोजणारा टायमर लावला होता, ती पद्धतच नव्या कर्नलमधून काढून टाकली होती. बदली काहीतरी होतं, पण ते त्याच्या वेळचं नव्हतं. जुना कर्नल मिळाला असता तर हा प्रश्नच नव्हता. पण कर्नल जिथून मिळतात तिथून इतका जुना केव्हाच काढलेला होता. त्याने लॅबच्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, आपल्या कुठल्या मशीनवर मागचा कर्नल राहिलाय का बघा बरं."

"नाही हो काका. सुट्टीत तुम्हीच सगळ्यांवर नवे चढवलेत आणि नीट तपासून मग जुने साफ केलेत. का, काय झालं?"

"घरच्या मशीनला हवा होता."

"मग तुमच्या मशीनवर असेलच की. तुम्ही तर कधी..."

मॅडम मधेच थांबल्या. पलीकडे लॅबमधल्या पंख्याचा आवाज येत होता, कुणी मुलगा कुणाला हाक मारत होता. मॅडमना हसता आलं असतं. निदान ते वाटेचं वाक्य त्यांना परत करता आलं असतं.

"काका, मी येऊ का?" त्या हळूच म्हणाल्या.

"नको. थोडंच राहिलंय."

भाची जेवणाचं ताट आणून त्याच्या शेजारी ठेवायची आणि तसंच परत न्यायची. एका दुपारी ताट ठेवून ती लगेच गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"मामा, माझं ऐक. आईची पापणीही आता लवकर दमते. मघाशी दोन शब्दांत झोपली. तू तिच्याजवळ बस ना जरा."

"मी काय इथे झोपा काढतोय का पोरी? तिच्यासाठीच चाललंय ना?"

"हो रे. पण तिला तू दिसत नाहीस ना."

"तिचा आवाज बंद करून मी तिच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू?" हे तो इतक्या जोरात बोलला की पलीकडे ऐकू गेलं असणार. मग खाली बघून म्हणाला, "एकदा चालू होऊ दे. मग बसतोच."

भाची गेली. पलीकडे तिने पुन्हा क-ची ओळ सुरू केली, पण आवाज आता आणखी हळू होता.

टायमरचं कोडं सुटलं ते सकाळी. त्याने अर्धा ड्रायव्हर मोडून पुन्हा लिहिला होता. तो तयार झाला, कार्डाने ओळख दिली, दिवा लागला. त्याने मशीन उचलून ताईच्या खोलीत आणलं, जागच्या जागी ठेवलं, वायरी जोडल्या. पट्टी गालावर अचूक बसली. स्क्रीनवर उजेड ओळीओळींवरून सरकायला लागला.

"बोल ताई," तो म्हणाला. "शिव्या घाल. हव्या तेवढ्या घाल."

उजेड क-च्या ओळीवरून च-च्या ओळीवर गेला. ट, त, प. खालपर्यंत गेला आणि पुन्हा वर आला. ताईच्या कपाळावर आठी पडली. ती जोर लावत होती हे त्याला दिसत होतं. गाल हलला नाही. उजेड पुन्हा खाली गेला.

"थांब, आकडा कमी करतो. मशीनला ऐकू येत नाहीये तुझं."

त्याने आकडा कमी केला. काही नाही. आणखी कमी केला. आणखी. आकडा आता इतका खाली आला होता की वायरीतली सळसळही मशीनला हालचाल वाटावी. आणि तसंच झालं. स्क्रीनवर अक्षरं पडायला लागली, एकामागून एक, भराभर, कुणी गाल न हलवता. मग मशीन बोलायला लागलं. एकदाही अडखळलं नाही. स्वच्छ, ठणठणीत आवाजात ते कुठल्याच भाषेत नसलेले शब्द बोलत राहिलं, आणि ताई आडवी पडून आपल्या नावाने चाललेलं ते बोलणं ऐकत राहिली. तिने डोळे घट्ट मिटले.

"मामा, बंद कर ते," भाची म्हणाली.

त्याने बंद केलं. नुसती वायर ओढली नाही. रीतसर हुकूम देऊन, मशीन पूर्ण शांत होईपर्यंत हात त्याच्या पत्र्यावर ठेवून उभा राहिला. पत्रा गरम होता. मग त्याने ताईच्या गालावरची पट्टी काढली. त्या जागी कातडी गोल, पांढरी पडली होती. वर्षानुवर्षांच्या चिकटवण्याने ती जागा बाकीच्या चेहऱ्याहून तरुण दिसत होती.

भाचीने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि तक्ता त्याच्या हातात दिला. त्याला तो धरताही येईना. आपण असं कितीतरी वर्षांत केलेलं नाही, असं तो पुटपुटला.

"येतं. क-पासून म्हण फक्त."

तो म्हणायला लागला. क-ची ओळ, च-ची ओळ, ट-ची ओळ. मशीनच्या उजेडाच्या चालीने तो झपाझप पुढे गेला आणि शेवटाला पोचला, तरी ताईचे डोळे उघडेच.

"हळू, मामा. ती डोळे मिटायला घेते तोवर तू पुढे निघून जातोस."

त्याने पुन्हा सुरुवात केली. क-ची ओळ. थांबला. च-ची ओळ. थांबला. ताईच्या पापण्या खाली यायला लागल्या. त्या मिटायला इतका वेळ लागेल हे त्याला माहीतच नव्हतं. च-ची. च? तिने डोळे मिटले.

त्याच्या मनात च-पासूनचे सगळे शब्द धावून आले. चूक. चुकलास. चालायचंच. यातला कुठलाही शब्द त्याला चालला असता. कुठल्याही शब्दाखाली तो मान घालून उभा राहिला असता. पण तो अंदाज न बांधता अक्षरं म्हणत राहिला. दुसरं अक्षर ष निघालं. त्याला म जोडलेला होता, शेवटी काना. भाचीने त्यालाच लावू दिलं.

"चष्मा?"

ताईने डोळे मिटले आणि उघडले.

चष्मा उशीशेजारच्या डबीत होता. भाचीने इतके दिवस तो डबीतून बाहेर काढला नव्हता. स्क्रीनवरची अक्षरं मोठी असतात आणि तक्ता ऐकायचा असतो, त्याला चष्मा कशाला लागतो? त्याने शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, काड्या तिच्या कानांमागे सरकवल्या, नाकावर नीट बसवला. मग तक्ता पुन्हा उचलून म्हणाला, "बोल. आता पुढे?"

ताईने पुढे काही सांगितलं नाही. त्याची वाढलेली दाढी, चुरगळलेला शर्ट, तक्त्याच्या कडा घट्ट धरलेली बोटं, असं वरपासून खालपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. क-ची ओळ, तो म्हणाला. च-ची ओळ. तिच्या पापण्या हलल्या नाहीत. शेवटी त्याने तक्ता मांडीवर ठेवला आणि, तिला नीट दिसावं म्हणून, खुर्ची थोडी पुढे घेतली.